नवे फ्री एजंट घेतले आणि सगळेच ढेपाळले: नेमकं काय तपासायचं?

फुलकाउंट (धागाकर्ता)

सीझनचे पाच आठवडे सरले की बेसबॉल मॅनेजमेंट गेमच्या ऑनलाइन लीगमध्ये ही ओरड सुरू होतेच. हिवाळ्यात तिजोरी रिकामी करून फ्री एजंट (करार संपलेले, कुठल्याही टीमशी सही करू शकणारे खेळाडू) आणले, आता एकाचीही बॅट लागत नाही आणि पिचरला रोज मार पडतोय. मग कुणी म्हणतं गेममध्ये नव्या खेळाडूला गुपचूप दंड लावलेला असतो. कुणी घाबरून त्याला पडेल किमतीत ट्रेड करून टाकतं, आणि तोच खेळाडू जुलैत दुसऱ्या टीमसाठी धो धो मारतो.

आऊट ऑफ द पार्क बेसबॉल हा कॉम्प्युटर गेम डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. पण २० ते ८० रेटिंगवर (५० म्हणजे साधारण खेळाडू) चालणाऱ्या कुठल्याही मॅनेजमेंट गेमला यातलं बहुतेक लागू पडेल.

पहिली गोष्ट: ॲव्हरेजकडे बघून निकाल देऊ नका. एक नमुना घेऊ. बॅटरच्या १२० खेपा झाल्यात (पुढे पीए म्हणतो). ११ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस), एकदा अंगावर चेंडू; या खेपा वगळल्या की १०८ ॲट-बॅट. २२ हिट, त्यात ३ होम रन (चेंडू थेट कुंपणापार), २७ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद). ॲव्हरेज, म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, .२०४. बघताक्षणी वाटतं, गेला कामातून.

आता होम रन आणि स्ट्राइकआऊट बाजूला काढा. १०८ वजा २७ वजा ३, म्हणजे ७८ चेंडू मैदानात खेळले गेले. त्यातले १९ हिट ठरले. म्हणजे बॅबिप (मैदानात खेळलेल्या चेंडूंवरचं ॲव्हरेज) .२४४. साधारण लीगमध्ये हा आकडा .३०० च्या आसपास असतो. तेवढा धरला तर २३ हिट व्हायला हवे होते. फरक चार हिटचा. ते चार हिट मिळवले की ॲव्हरेज .२४० च्या वर जातं. स्ट्राइकआऊट २२.५ टक्के आणि वॉक ९ टक्के, हे जर गेल्या तीन सीझनसारखंच असेल, तर हा तुम्ही विकत घेतलेलाच बॅटर आहे. फक्त चार चेंडू फिल्डरच्या हातात गेलेत.

आकडेमोड

अनुमोदन. यात थोडं गणित घालतो, म्हणजे चार हिट किती मोठे की किती किरकोळ ते कळेल.

७८ चेंडू, प्रत्येकाची हिट होण्याची शक्यता ०.३०. प्रमाण विचलन (नुसत्या योगायोगाने होणारी नेहमीची वरखाली) म्हणजे ७८ × ०.३ × ०.७ चं वर्गमूळ, सुमारे ४. म्हणजे चार-साडेचार हिटची तूट ही एका विचलनाइतकीच. खऱ्या .३०० बॅबिपच्या बॅटरपैकी सहा-सातांत एकाच्या वाट्याला पहिल्या १२० पीएमध्ये एवढी किंवा याहून वाईट सुरुवात येते, काहीही बिघडलेलं नसताना.

आता खरी मेख. तुम्ही एक नाही, चार बॅटर घेतलेत. चारांपैकी निदान एक तरी अशा खड्ड्यात असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. त्यामुळे 'नव्या माणसांपैकी कुणीतरी हमखास फसतो' हे निरीक्षण खोटं नाही, पण त्यामागे कुठलाही छुपा दंड असण्याची गरज नाही. जुन्या खेळाडूंतही तितकेच जण खड्ड्यात असतात. त्यांच्या पगाराचा आकडा ताजा नसतो, म्हणून डोळ्यांत खुपत नाहीत.

कुठला आकडा किती लवकर विश्वासार्ह होतो, याचे बेसबॉल संशोधक रसेल कार्लटन यांच्या अभ्यासातून आलेले ठोकताळे पाठ करून ठेवावेत असे आहेत: बॅटरचा स्ट्राइकआऊट दर सुमारे ६० पीए, वॉक दर १२०, होम रन दर १७०. बॅबिपला मात्र मैदानात गेलेले ८०० च्या वर चेंडू लागतात, म्हणजे दोन सीझनच्या आसपास. आणि 'विश्वासार्ह' म्हणजे तरी काय, त्या टप्प्याला निम्मा संकेत आणि निम्मा योगायोग. त्याआधी योगायोगच जास्त.

म्हणून मे महिन्यात स्ट्राइकआऊटचा दर १८ वरून २८ टक्क्यांवर गेलेला दिसला तर दचका. ॲव्हरेज .२७० वरून .२१० वर आलं म्हणून नको.

नवखा_जीएम

बॅटरचं समजलं. पिचरचं काय? स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) घेतला, ४० इनिंगमध्ये २५ अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीशिवाय झालेले) दिलेत, ईआरए (दर ९ इनिंगमागे अर्न्ड रन) ५.६३. हा पण नशिबाचाच भाग म्हणायचा का?

कॅचर_मास्क

स्ट्राइकआऊट, वॉक, होम रन किती ते सांगा. नुसत्या ईआरएवरून काहीच सांगता येत नाही.

नवखा_जीएम

४१ स्ट्राइकआऊट, १२ वॉक, १ हिट-बाय-पिच (बॅटरच्या अंगावर चेंडू), ४ होम रन.

कॅचर_मास्क

मग एफआयपी काढू, म्हणजे फिल्डिंग वगळून पिचरच्याच कामाचा, ईआरएच्या मापातला आकडा. होम रन गुणिले १३ म्हणजे ५२. वॉक आणि हिट-बाय-पिच मिळून १३, गुणिले ३ म्हणजे ३९. यातून स्ट्राइकआऊट गुणिले २, म्हणजे ८२ वजा. उरले ९. भागिले ४० इनिंग, ०.२३. त्यात लीगचा स्थिरांक मिळवायचा, तो साधारण ३.१० असतो (तुमच्या लीगचा वेगळा असेल, लीगच्या एकूण आकड्यांवरून काढा). उत्तर ३.३३.

पिचरने स्वतःच्या हातातलं काम ३.३३ च्या दर्जाचं केलंय. उरलेल्या दोन रनांचा जाब दुसरीकडे विचारायला हवा. बेसबॉल विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकेन यांनी २००१ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: चेंडू मैदानात गेला की तो हिट ठरतो की नाही, यावर पिचरचा ताबा फार थोडा. तिथे फिल्डिंग आणि योगायोग चालतो.

पण इथे थांबू नका. 'नशीब' म्हणून सोडून देण्याआधी इन्फिल्ड (बेसजवळचे फिल्डर) बघा. पिचर ग्राउंडबॉलवाला (ज्याच्या चेंडूवर फटके जमिनीवरून जातात) आहे का? जुन्या टीममध्ये त्याच्यामागे ६५ रेंजचा (किती जागा व्यापतो त्याचं रेटिंग) शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फिल्डर) होता आणि तुमच्याकडे बॅटिंगसाठी म्हणून ४५ चा उभा केलाय का? असेल तर ती तूट योगायोगाची नाही, ती सप्टेंबरपर्यंत भरून निघणार नाही. ग्राउंडबॉल पिचर घ्यायचा तर शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस त्याच्यासोबत घ्यावा लागतो, हे कराराच्या रकमेत धरायला हवं. फ्लायबॉलवाला असेल तर हाच हिशोब सेंटर फिल्डचा.

कॅचरही तपासा. फ्रेमिंग (काठावरचा चेंडू पंचाला स्ट्राइक वाटेल असा पकडणं) चांगलं असलेल्या कॅचरकडून सुमार कॅचरकडे आला की पिचरचे वॉक वाढतात आणि स्ट्राइकआऊट घटतात, आणि दोष कंट्रोलच्या माथी येतो.

डावखुरा

सगळं गणितावर ढकलू नका मंडळी. मोराल (खेळाडूचं मनोबल) नावाची गोष्ट गेममध्ये आहे आणि ती दिसते. टीमची कामगिरी, टीमचे व्यवहार, स्वतःची कामगिरी, टीममधली भूमिका, केमिस्ट्री, सगळ्याचा त्यात वाटा. नवा माणूस हरणाऱ्या टीममध्ये आला, त्याला जिंकणाऱ्या टीममध्येच खेळायची ओढ असेल, शिवाय तुम्ही त्याला सातव्या क्रमांकावर टाकला, तर तो नाराज होणारच. मी सही करण्याआधी स्वभावाचे सगळे रकाने वाचतो: लीडरशिप, लॉयल्टी, पैशाची हाव, वर्क एथिक. तुम्हीही वाचा.

आकडेमोड

स्वभाव वाचावा, यावर वाद नाही. वर्क एथिकचा खेळाडूच्या पुढच्या प्रगतीशी संबंध आहेच. पण .२७० चा बॅटर .२०४ वर आणण्याएवढं बळ मोरालमध्ये आहे, हे मान्य नाही. आणि हे मतांवर सोडायचीही गरज नाही, तपासता येतं.

ऑनलाइन लीगला हात न लावता वेगळी ऑफलाइन लीग तयार करा. कमिशनर मोड (लीगमधलं सगळं बदलू देणारी सोय) चालू करा. एक बॅटर निवडा, मोराल उत्तम ठेवा, फाइलची प्रत करून ठेवा. एक सीझन चालवा, आकडे टिपा, प्रत परत उघडा, पुन्हा चालवा. असं २० वेळा. मग त्याच प्रतीत फक्त मोराल तळाला नेऊन आणखी २० वेळा. दुखापती आणि खेळाडूंचा विकास दोन्ही बंद ठेवा, नाहीतर रेटिंगच हलेल आणि मोजलं काय ते कळणार नाही.

२० सीझन का? ६०० ॲट-बॅटमध्ये .२७० च्या बॅटरचं प्रमाण विचलन १८ पॉइंट (.०१८) असतं. एका सीझनमध्ये .२५२ किंवा .२८८ आलं तरी ते काहीच सिद्ध करत नाही. २० सीझनच्या सरासरीत ते विचलन ४ पॉइंटवर येतं, मग १० पॉइंटचा फरक असेल तर निदान नजरेला पडतो.

डावखुरा

पद्धत पटली. करून बघण्यासारखी आहे. तरी भूमिकेचा मुद्दा सोडत नाही, त्यावर पुढे लिहितो.

तिसरा_तळ

तुम्ही सगळे सहीनंतरचं बोलताय. माझ्या मते निम्म्याहून जास्त केसमध्ये घोटाळा सहीच्या दिवशीच झालेला असतो: किंमत एका सीझनवर ठरवलेली असते.

खऱ्या बेसबॉलमधलं उदाहरण घ्या. एड्रियन बेल्ट्रे, २००४ मध्ये ४८ होम रन, .३३४. त्यावर सिॲटलशी ५ वर्षांचा ६४ दशलक्ष डॉलरचा करार. २००५ मध्ये १९ होम रन, .२५५. सगळे म्हणाले ढेपाळला. पण आधीची दोन वर्षं बघा: २००३ मध्ये २३ होम रन आणि .२४०, २००२ मध्ये २१ आणि .२५७.

पुढच्या सीझनचा अंदाज बांधायच्या टॉम टँगो यांच्या मार्सेल पद्धतीत शेवटच्या तीन सीझनना ५, ४, ३ असं वजन देतात. होम रनचं करा: ४८ × ५, २३ × ४, २१ × ३, बेरीज ३९५, भागिले १२. ३३. ॲव्हरेजचं केलं तर .२८३. मूळ पद्धतीत याच्यापुढे लीगच्या सरासरीकडे आणखी ओढतात आणि २९ नंतरच्या वयासाठी थोडं कमी करतात. म्हणजे करार झाला त्या दिवशीच प्रामाणिक अंदाज ३३ च्याही खालचा होता. ४८ ची किंमत मोजली की ३३ सुद्धा अपयशच वाटणार. बेल्ट्रे १९ पर्यंत खाली गेला त्यात उजव्या हाताच्या बॅटरला कठीण असलेल्या त्या मैदानाचाही हात होता, ते पुढे कुणी लिहिलं तर बरं.

दुसरं, स्काउटिंग. तुम्हाला दिसणारं रेटिंग हे खरं रेटिंग नसतं, तुमच्या स्काउटचा अंदाज असतो. समजा स्काउटची चूक साधारण ५ गुणांची आहे आणि १२ टीम बोली लावताहेत. खेळाडू कुणाला मिळेल? ज्याचा स्काउट त्याला सगळ्यांत वर धरतोय त्याला. १२ अंदाजांतला सगळ्यांत वरचा अंदाज सरासरीपेक्षा सुमारे १.६ विचलनं वर असतो, म्हणजे ८ गुण. तुम्ही ६० चा पॉवर समजून बोली जिंकली असेल तर हातात ५२ चा आला असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्याचा फॉर्म गेलेला नाही, तो पहिल्यापासून ५२ च होता.

यावर उपाय तीन. स्काउटिंगचं बजेट हिवाळ्याआधी वाढवा, नंतर नाही. तुमच्या स्काउटचं मत आणि गेमच्या सामाईक स्काउटिंगचं मत शेजारी ठेवा. ५ पेक्षा जास्त फरक असेल तर खालचा आकडा धरून रक्कम ठरवा. आणि मैदानावरच्या तीन सीझनच्या आकड्यांशी दोन्ही ताडून बघा. रेटिंग म्हणतं पॉवर ६५, आणि तीन सीझनमध्ये १८ च्या वर होम रन नाहीत, तर आकड्यांवर विश्वास ठेवा.

स्टार रेटिंगवर तर बोली लावूच नका. ते लीगच्या आणि पोझिशनच्या तुलनेत दाखवलेलं असतं. कॅचरचे चार स्टार आणि फर्स्ट बेसचे चार स्टार यांत बॅटिंगचा मोठा फरक असतो.

राखीव_बाक

मैदानाचं मी लिहितो, कारण हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत कमी तपासलं जाणारं कारण आहे.

बॉलपार्कच्या पानावरचे हे चार आकडे बघा: ॲव्हरेज डावे, ॲव्हरेज उजवे, होम रन डावे, होम रन उजवे. १.००० म्हणजे तटस्थ. जुन्या मैदानाचा उजव्यांसाठीचा होम रन आकडा १.१५० होता आणि तुमचा ०.८५० आहे असं धरा. १६२ पैकी ८१ सामने घरच्या मैदानावर, म्हणून परिणाम निम्मा: १.०७५ आणि ०.९२५. जुन्या टीमकडे ३२ मारणारा, भागिले १.०७५, तटस्थ मैदानावर ३०. गुणिले ०.९२५, तुमच्याकडे साडेसत्तावीस. रेटिंगला धक्काही लागला नाही आणि चार-पाच होम रन गेले.

पिचरचं टोकाचं उदाहरण माइक हॅम्प्टन. २००० मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे ईआरए ३.१४. मग कोलोरॅडो रॉकीजशी ८ वर्षांचा १२१ दशलक्षांचा करार. २००१ मध्ये ५.४१, २००२ मध्ये ६.१५. कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि पिचचं वळणही कमी होतं. ज्याचा सगळा भरवसा चेंडूच्या हालचालीवर, त्याला तिथे नेणं म्हणजे त्याचं हत्यारच काढून घेणं. गेममध्ये मूव्हमेंट (तिथे याचा अर्थ होम रन रोखण्याची क्षमता) ५० च्या खाली आणि घरच्या मैदानाचा होम रन आकडा १.१०० च्या वर असेल तर तो करार करू नका, स्टफ (स्ट्राइकआऊट काढण्याची क्षमता) कितीही असो.

लीगही बदलते. खालच्या दर्जाच्या लीगमधून आलेल्याचं ॲव्हरेज तसंच्या तसं धरू नका. लीगची सरासरी .२७० असताना तो .३०० मारत होता, आणि तुमच्या लीगची सरासरी .२४५ आहे. शक्यतांच्या गुणोत्तराने काढायचं: .३०० भागिले .७०० म्हणजे ०.४२९; .२७० भागिले .७३० म्हणजे ०.३७०, त्यांचं गुणोत्तर १.१६. नव्या लीगचं .२४५ भागिले .७५५ म्हणजे ०.३२५. गुणिले १.१६, ०.३७६. ते परत ॲव्हरेजमध्ये आणलं, ०.३७६ भागिले १.३७६, की .२७३. तो .२७३ मारत असेल तर जसाच्या तसा खेळतोय.

डावखुरा

आता भूमिका. ॲडम डन, २०१० मध्ये ३८ होम रन, मग शिकागो व्हाइट सॉक्सशी ४ वर्षं ५६ दशलक्ष. २०११ मध्ये .१५९, ११ होम रन, १७७ स्ट्राइकआऊट. डावखुऱ्या पिचरविरुद्ध ९४ ॲट-बॅटमध्ये फक्त ६ हिट. शिवाय मैदानावरून काढून त्याला मुख्यतः डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) केलेलं. आणि २०१२ मध्ये तोच माणूस ४१ होम रन मारतो. ज्याने २०११ च्या शेवटी विकला असता, त्याने तळाच्या भावात विकला असता.

गेममध्ये हे टाळता येतं. खेळाडूच्या पानावर डाव्यांविरुद्ध आणि उजव्यांविरुद्ध अशी दोन वेगळी रेटिंग असतात, एकत्रित रेटिंगकडे बघून सही करू नका. उजव्यांविरुद्ध कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावण्याची क्षमता) ६० आणि डाव्यांविरुद्ध ३५ असेल तर तो पूर्णवेळ खेळाडू नाहीच, त्याला जोडीदार लागतो.

फुलकाउंट (धागाकर्ता)

याला जोडून एक. पोझिशन बदलली का तेही बघा. लेफ्ट फिल्डरला राइटमध्ये टाकलं, थर्ड बेसला सेकंडवर, तर अनुभव येईपर्यंत चुका वाढतात आणि मार पिचर खातो. आणि फिल्डिंगसाठी मोजलेली किंमत मैदानातच जिरू शकते: लेफ्ट फिल्डर कार्ल क्रॉफर्ड बोस्टनला आला तेव्हा .३०७ वरून .२५५ वर आला, तो भाग वेगळा. पण फेनवे पार्कचं लेफ्ट फिल्ड उथळ, मागे ३७ फुटी भिंत. जिथे धावायला जागाच कमी, तिथे रेंजचे पैसे वसूल कसे होणार?

नवखा_जीएम

मग कधी म्हणायचं की आता पुरे? कायमच थांबायचं का?

तिसरा_तळ

नाही. क्रम असा ठेवा. १०० पीएपर्यंत फक्त स्ट्राइकआऊट आणि वॉक दर. दोन्ही जागेवर असतील तर हात लावू नका. जागेवर नसतील तर दुखापतीचं पान आधी उघडा, किरकोळ दुखणं घेऊन खेळणारा खेळाडू कमी क्षमतेने खेळतो. त्याला दहा दिवस बसवणं हा पूर्ण इलाज असू शकतो. थकवाही बघा. दुखणं नसेल तर स्काउटला नवा अहवाल करायला सांगा. नव्या अहवालात रेटिंग खरंच उतरलं असेल, विशेषतः वय ३२ च्या पुढे, तर ते परत वर येईल यावर पैसे लावू नका. त्याच आठवड्यात भूमिका कमी करा आणि ट्रेडची बोलणी सुरू करा. २५० पीए होईपर्यंत थांबलात तर बाकीच्या जीएमना (लीगमधल्या इतर टीम चालवणाऱ्यांना) तेच दिसलेलं असतं.

रिलीज (खेळाडूला टीममधून सोडून देणं) शेवटचा पर्याय. रिलीज केलं तरी उरलेली रक्कम तुमच्याच खात्यातून जाते. निम्मा पगार आपण उचलून ट्रेड केला तर बदल्यात एखादा होतकरू तरी हाती लागतो.

आकडेमोड

एका गोष्टीत असहमत. भूमिका कमी करायची तर क्रमांक खाली न्या, पण खेपा तोडू नका. आठवड्यातून दोनदा खेळवलं तर जुलैपर्यंतही आणखी ६० पीए जमणार नाहीत आणि तुम्ही मे महिन्यातल्याच अज्ञानात राहाल.

तिसरा_तळ

रेटिंग उतरलेलं नसेल तर मान्य. उतरलेलं दिसत असेल तर आणखी काय मोजायचंय?

नवखा_जीएम

सगळं एकेक करून तपासलं. पिचरचं कॅचर_मास्क म्हणतात तसंच निघालं, शॉर्टस्टॉपची रेंज ४०. आणि फर्स्ट बेसमन डाव्यांविरुद्ध ३०, तरी रोज खेळतोय. लाइनअप उजव्या पिचरसाठी लावला होता, डाव्यांसाठीचा लावायचा राहिला का?

डावखुरा

लाइनअपच्या पानावर डाव्या आणि उजव्या स्टार्टरसाठी वेगवेगळे तक्ते असतात. एकच भरून दुसऱ्यात तसाच उतरवला असेल तर हेच होतं. डाव्यांसाठीच्या तक्त्यात त्याच्या जागी उजव्या हाताचा बॅटर टाका, भले त्याचं एकत्रित रेटिंग कमी असो. मग डेप्थ चार्ट (पोझिशनवार राखीव खेळाडूंची यादी) उघडून बघा की फर्स्ट बेसला त्याच्याखाली कुणाचं नाव आहे, आणि पिंच हिटरच्या (ऐनवेळी बदली येणाऱ्या बॅटरच्या) यादीत त्या फर्स्ट बेसमनला उजव्यांविरुद्ध पहिला ठेवा. पुढचा सिम (गेमने पुढचे सामने खेळवणं) चालायच्या आत एक्स्पोर्ट करायला (बदल लीगला पाठवायला) विसरू नका, नाहीतर जुनाच लाइनअप जाईल.

कॅचर_मास्क

आणि शॉर्टस्टॉपसाठी वेव्हरची (इतर टीमनी सोडलेल्या खेळाडूंची) यादी आज रात्रीच बघा. बॅट ३५ असली तरी चालेल, रेंज ६० हवी. तो पिचर उभा राहील त्या दिवशी तरी त्याला खेळवा.